गॅस्केट नवं, तरी झाकण गळतंय? आधी बोल्टचा ताण तपासा

जामनेर-बोदवडकडच्या जिनिंगमधलं गाठी बांधायच्या प्रेसचं सिलिंडर असो, जळगावच्या दालमिलमधली कॉम्प्रेसरची हवेची टाकी असो, की रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यातला ड्रिपचा सँड फिल्टर असो, फोनवर ऐकू येतं ते एकच: "भो, झाकण परत गळी ऱ्हायनं. पॅकिंग तर नवंच टाकलं होतं." दाबाच्या सिलिंडरची बोल्टने बसवलेली झाकणं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. बहुतेक वेळा गॅस्केटचा, म्हणजे त्या पॅकिंगचा, काही दोष नसतो. गळती होते ती बोल्टमध्ये हवा तेवढा ताण नसल्यामुळे, किंवा तो सगळ्या बोल्टांत सारखा नसल्यामुळे. म्हणून नवं गॅस्केट आणायला बाजारात जाण्याआधी पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकटात होतात.

लक्षणं

"गळतंय" एवढ्यावर निदान होत नाही. कुठून, केव्हा आणि कसं गळतंय ते आधी बघा.

दर वेळी एकाच जागी, समजा घड्याळात चार वाजतात त्या बाजूला, ओल दिसत असेल तर त्या जागेच्या फेसवर (गॅस्केट बसतं त्या सपाट तोंडावर) ओरखडा आहे, फ्लँज (बोल्टची भोकं असलेली सिलिंडरची जाड कड) वाकली आहे, किंवा तिथल्या एखाद्या बोल्टची धर गेली आहे.

दोन बोल्टांच्या बरोबर मधून थेंब येत असतील आणि असं दोन-चार ठिकाणी दिसत असेल, तर झाकण पातळ आहे किंवा बोल्टांमधलं अंतर जास्त आहे. हा मूळ बनावटीचा दोष. गॅस्केट कितीही भारी आणलं तरी जाणार नाही.

कमी दाबावर सगळं कोरडं आणि पूर्ण दाब आला की झिरपायला सुरुवात, याचा अर्थ बोल्टांची आवळण कमी पडते आहे.

नवं गॅस्केट टाकल्यावर आठ-पंधरा दिवस छान, मग हळूहळू ओल, हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण. गॅस्केट दबून बसलं, बोल्टचा ताण उतरला आणि पुन्हा कोणी पाना लावला नाही.

झाकणाच्या कडेने काही नाही, पण बोल्टच्या डोक्याखालून तेल किंवा पाणी येतंय. म्हणजे द्रव गॅस्केट ओलांडून बोल्टच्या भोकांपर्यंत पोचला आहे, नाहीतर आटे पाडताना एखादं भोक सिलिंडरच्या पोटात आरपार गेलं आहे.

गॅस्केट फाटून किंवा पिळून बाहेर आलं असेल तर जोर जास्त झाला, किंवा रबर त्या तेलाला चालणारं नव्हतं. उदाहरणार्थ, ईपीडीएम रबर हायड्रॉलिक तेलात फुगतं. तिथे नायट्राइलसारखं तेलात टिकणारं रबर लागतं.

शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर: बोल्ट तुटणं. नटाच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या आट्यात किंवा डोक्याखालच्या कोपऱ्यात बोल्ट तुटला आणि तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या, तर तो एका दिवसात तुटलेला नाही. दाब वर-खाली होत राहिल्याने तो महिनोन् महिने हळूहळू चिरत होता. अशा वेळी मशीन बंदच ठेवायचं.

पाना हातात घेण्याआधी

दाब पूर्ण उतरवा. गेजचा काटा शून्यावर आहे एवढ्यावर विसंबू नका. गेजची बारीक नळी गाळाने चोंदली असेल तर टाकीत दाब असूनही काटा शून्य दाखवतो. ड्रेन कॉक उघडा, आतली हवा किंवा पाणी निघून गेल्याचं डोळ्यांनी बघा आणि कॉक उघडाच ठेवा. मोटरचा मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावा.

झाकण उघडताना नट पूर्ण काढू नका. आपल्यापासून लांबच्या बाजूचे नट आधी दोन-तीन आटे सैल करा आणि तिकडून झाकण हलवून बघा. आत उरलासुरला दाब असेल तर तो पलीकडच्या बाजूने निघेल आणि झाकण नटांवर अडकून राहील.

चालू दाबावर नट आवळून गळती थांबवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बंद करा. आवळताना बोल्टवर ओढ आणि पीळ दोन्ही एकदम येतात. आधीच चिरलेला बोल्ट त्या क्षणी तुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो आणि पाना धरलेला माणूस नेमका समोर असतो.

हा भार किती असतो याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेतो. तेच पुढेही वापरणार आहे. सिलिंडरचा आतला व्यास ३०० मिमी. दाब १.५ मेगापास्कल, म्हणजे आपल्या भाषेत साधारण १५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). गॅस्केटचा आतला व्यास ३१० आणि बाहेरचा ३५० मिमी. एम१६ चे १२ बोल्ट. दाब ३०० च्या भोकापुरताच थांबत नाही, तो गॅस्केट जिथे खरी अडवणूक करतं तिथपर्यंत, इथे सुमारे ३३४ मिमी व्यासापर्यंत, पोचतो. त्या क्षेत्रफळाला दाबाने गुणलं की १३१ किलोन्यूटन येतात. म्हणजे १३ टनांहून जास्त. रावेरहून निघालेल्या केळीच्या भरल्या ट्रकातला सगळा माल झाकणाला आतून बाहेर ढकलतोय असं समजा.

आणि "आमचा दाब कमी आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. ४०० मिमी व्यासाच्या सँड फिल्टरमध्ये नुसता २ किलो दाब असला तरी झाकणावर अडीच टन येतात.

पहिली तपासणी: दाब खरंच किती आहे?

झाकण ज्या दाबासाठी बनवलं तोच दाब आज आहे का? हवेचा जोर कमी पडतो म्हणून कोणीतरी प्रेशर स्विच ७ चा १० वर नेऊन ठेवलेला असतो आणि त्याची कुठे नोंद नसते. ७ चा १० झाला की प्रत्येक बोल्टवरचा भार ४३ टक्के वाढतो. नेमप्लेट पुसून वाचा. गेज शंका घेण्यासारखं असेल तर दुसरं चांगलं गेज लावून पडताळा. सेफ्टी व्हॉल्व्ह कितीवर सोडतो तेही बघा. व्हॉल्व्हला तार बांधलेली किंवा त्याचं तोंड प्लगने बंद केलेलं दिसलं तर गळतीचा विषय तिथेच सोडा. आधी तो व्हॉल्व्ह मोकळा करून पडताळून घ्या, तोवर मशीन चालवायचं नाही.

दुसरी: गळती नेमकी कुठली?

झाकणाची कड आणि बोल्टांची डोकी रॉकेलने पुसून कोरडी करा. हवा असेल तर साबणाचं पाणी लावा. तेल असेल तर खडूची पूड भुरभुरवा, ओल आलेली रेघ लगेच उठून दिसते. ती जागा झाकणावर आणि सिलिंडरवर दोन्हीकडे पंचने खुणा करून ठेवा.

पुढच्या खेपेला झाकण उघडाल तेव्हा ते एक-दोन बोल्ट फिरवून बसवा. गॅस्केट अर्थातच नवं घ्या. गळती झाकणावरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष झाकणात. सिलिंडरच्या खुणेपाशीच राहिली तर दोष सिलिंडरच्या फ्लँजमध्ये किंवा तिथल्या आट्यांत. तिसरीकडेच निघाली तर गॅस्केट किंवा आवळण. या एका युक्तीने लेथवरचा फुकट खर्च वाचतो, कारण दोन्ही फेस उगाच फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावे लागत नाहीत. पाइपजोडणीमुळे झाकण फिरवता येत नसेल तर ही तपासणी सोडून पुढे जा.

तिसरी: बोल्ट नीट बघा

सगळे बोल्ट काढून एका ओळीत ठेवा. डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ लिहिलं असेल तर पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे ८०० मेगापास्कल ही तुटण्याची ताकद, आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० मेगापास्कल, ही कायमचं लांबण्याची हद्द, यील्ड. ४.६ असेल तर हीच हद्द फक्त २४० वर येते. एम१६ च्या बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ १५७ चौरस मिमी असतं. म्हणजे ८.८ चा बोल्ट सुमारे १०० किलोन्यूटनपर्यंत टिकतो आणि ४.६ चा ३८ लाच लांबायला लागतो. बारा बोल्टांत दोन ४.६ चे मिसळले की नेमक्या त्या दोन जागा सैल पडतात. हार्डवेअरच्या दुकानातून सुटे आणलेले, डोक्यावर काहीच न लिहिलेले बोल्ट दाबाच्या झाकणाला लावू नका.

मग लांबी. नवा बोल्ट शेजारी धरून मोजा. लांबलेला असेल, मधे बारीक झाला असेल किंवा नट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल तर तो भंगारात टाका. एक लांबलेला निघाला तर सगळे बदला, कारण त्याच्या शेजाऱ्यांनीही तेवढंच सोसलेलं असतं.

आता दोन गोष्टी, ज्या फार थोडे लोक बघतात.

एक म्हणजे बोल्ट बुडाला टेकणं. सिलिंडरच्या फ्लँजमध्ये आरपार नसलेलं भोक आणि त्यात आटे असतील, तर बोल्ट थोडा लांब असला की त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतं. पान्याला घट्ट लागतं, टॉर्क पानाही (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, तो मोजणारा पाना) टक्क करतो, पण झाकण दाबलंच जात नाही. भोकाची खोली तारेने मोजा. तिची तुलना बोल्टच्या लांबीतून झाकण, वॉशर आणि दबलेल्या गॅस्केटची जाडी वजा करून उरणाऱ्या लांबीशी करा. तळाशी निदान तीन-चार मिमी मोकळे हवेत. तिथे साचलेलं तेल आणि कचरासुद्धा हेच करतो, म्हणून भोक हवेने फुंकून कोरडं करा.

दुसरी गोष्ट रंग. दिवाळीआधी मशीन रंगवतात तेव्हा बोल्टच्या डोक्याखाली आणि वॉशरच्या जागीही रंगाचे थर चढतात. आवळताना तो थर घट्ट वाटतो, नंतर दाबाने आणि उष्णतेने चिरडून पातळ होतो आणि बोल्टचा ताण उतरतो. ताणलेला एम१६ बोल्ट मिलिमीटरच्या दशांशाएवढाही लांबलेला नसतो, त्यामुळे रंगाचा एक जाड थर निघून गेला की बराचसा ताण गेलाच. वॉशर बसतो तेवढी जागा खरवडून धातू उघडा करा आणि कडक वॉशर वापरा. मऊ पत्र्याचे वॉशर डोक्याखाली दबत जातात.

चौथी: आवळायची पद्धत

दोन आठवड्यांनी परत येणारी गळती बहुतेकदा इथेच थांबते, म्हणून इथे घाई करू नका.

पान्याला तुम्ही जो जोर देता त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताणतो. निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. म्हणून आटे कोरडे आहेत, गंजलेले आहेत की तेल लावलेले, यावर सगळं अवलंबून असतं. हिशेब असा: टॉर्क म्हणजे घर्षणाचा गुणक गुणिले बोल्टमधला ताण गुणिले बोल्टचा व्यास. कोरड्या आट्यांना गुणक ०.२ धरतात, तेल लावलेल्यांना ०.१५. आपल्या उदाहरणात प्रत्येक एम१६ मध्ये ३० किलोन्यूटन ताण हवा असेल तर कोरड्याला ९६ न्यूटन-मीटर आणि तेल लावलेल्याला ७२ न्यूटन-मीटर लागतात.

आता पान्याला पाइप लावून ६० सेंटिमीटरवर ४० किलो जोर दिला तर काय होतं ते बघा. टॉर्क होतो साधारण २३५. कोरड्या आट्यांवर बोल्टमध्ये ७४ किलोन्यूटन येतात, ग्रीस लावलेल्यांवर ९८. म्हणजे ८.८ चा चांगला बोल्टही यील्डच्या काठावर, आणि ४.६ चा कधीच लांबून निकामी झालेला. म्हणून पाइप लावू नका. भाड्याने का होईना, टॉर्क पाना आणा. सगळ्या आट्यांना आणि डोक्याखाली एकाच प्रकारचं तेल लावा, म्हणजे निदान सगळे बोल्ट सारखे तरी राहतील. टॉर्क पान्यानेही ताणात २५ ते ३० टक्के फरक पडतोच. तो हिशेबात धरून वर जागा ठेवावी लागते.

क्रम समोरासमोरचा: एक, मग त्याच्या समोरचा, मग काटकोनातले दोन. पहिल्या फेरीत ३० टक्के टॉर्क, दुसरीत ६० ते ७०, तिसरीत पूर्ण. त्यानंतर एक फेरी सरळ गोल, पूर्ण टॉर्कवर, एकही नट हलेनासा होईपर्यंत. ही शेवटची गोल फेरी चुकवू नका. एक बोल्ट आवळला की गॅस्केट तिथे दबतं आणि शेजारच्या बोल्टचा ताण कमी होतो. समोरासमोरच्या फेऱ्या संपतात तेव्हा पहिले आवळलेले बोल्ट बरेच सैल झालेले असतात.

चार-पाच तासांनी, मशीन गरम व्हायच्या आत आणि दाब नसताना, आणखी एक फेरी घ्या. शीट गॅस्केट या वेळात बऱ्यापैकी बसतं. एकदा गरम होऊन कडक झाल्यावर मात्र ते पुन्हा आवळायला जाऊ नका, तडकतं.

पाचवी: गॅस्केट

जाड गॅस्केट जास्त चांगलं अडवतं असा समज आहे. खरं तर जाड गॅस्केट जास्त दबतं, जास्त ताण उतरवतं आणि दाबाने बाहेर फेकलं जायला त्याला जास्त कड मिळते. फेस सपाट असतील तर दीड मिमी पुरे. फेस थोडे खराब असतील तर ३ मिमी, कारण पातळ गॅस्केटला बसायला जास्त जोर लागतो. कॉम्प्रेस्ड फायबर शीटचे डिझाइनमधले जुने आकडेच घ्या: ३ मिमीला बसायला ११ मेगापास्कल, दीड मिमीला साडेपंचवीस.

एकावर एक दोन गॅस्केट नकोत. गॅस्केटवर सिलिकॉन किंवा ग्रीस चोपडणंही नको. घर्षण कमी झालं की ते बाहेर सरकतं. शीट थेट फ्लँजवर ठेवून हातोडीने ठोकत गॅस्केट कापायची सवय तर पहिल्यांदा मोडायला हवी. त्याने फेसची कड आणि आट्यांची तोंडं ठेचली जातात. कंपास आणि कटरने लाकडावर कापा. रबरी गॅस्केट आणि ओ-रिंग (खाचेत बसणारी गोल रबरी कडी) सावलीत, बंद पिशवीत ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली खिळ्याला टांगलेली ओ-रिंग हंगाम येईपर्यंत कडक होते.

सहावी: फेस

स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. बोल्टांच्या भोकांपाशी फेस वर उचललेला असतो, तो पहिला बघा. गोलाकार जाणाऱ्या बारीक रेषा चालतात. लेथवर फेसिंग केल्यावर त्या येतातच आणि त्या गॅस्केटला धरून ठेवतात. आतून बाहेर जाणारा एकच आडवा ओरखडा मात्र गळतीला रस्ता मोकळा करून देतो. चिकटलेलं गॅस्केट काढायला अँगल ग्राइंडर फिरवला की असे ओरखडे डझनाने पडतात. पितळी खरवडणी वापरा. ओरखडा नखाला लागत असेल तर फेसिंग करून घ्या, पण किती मिमी काढलं ते लिहून ठेवा. दर वेळी थोडं थोडं काढत गेल्याने पातळ झालेली झाकणं मी पाहिली आहेत.

फ्लँजमधले आटेही याच वेळी तपासा. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाएवढी आट्यांची धर हवी, बीडात (कास्ट आयर्न) दीडपट, अॅल्युमिनियममध्ये दुप्पट. एखादा आटा ओढला गेला असेल तर वायर इन्सर्ट (तारेचे नवे आटे) बसवता येतो, पण तो जाणत्या माणसाकडून.

सातवी: बनावटच कमी पडते का?

इथपर्यंत सगळं बरोबर निघूनही झाकण गळत असेल तर हिशेब करायचा. पाना बाजूला, कागद घ्या.

आपल्या उदाहरणात ३ मिमीचं शीट गॅस्केट आहे. दाबाचा भार १३१ किलोन्यूटन, आणि गॅस्केटला चालू दाबात घट्ट धरून ठेवायला आणखी ५०. एकूण १८२. यील्ड ६४० असली तरी बनावटीच्या हिशेबात सुरक्षेसाठी खूप कमी धरतात. एम१६ चा ८.८ बोल्ट १५० मेगापास्कलवर धरला तर एकाच्या वाट्याला साडेतेवीस किलोन्यूटन देता येतात. म्हणजे ताकदीच्या हिशेबाने ८ बोल्ट पुरे. इथेच बरेच लोक थांबतात आणि इथेच गळती जन्माला येते. बोल्ट ३८० मिमीच्या वर्तुळावर असतील तर ८ बोल्टांत अंतर पडतं १४९ मिमी, म्हणजे बोल्टच्या व्यासाच्या नऊपटींहून जास्त. मधला पट्टा कोणी दाबतच नाही. चांगल्या घडणीत हे अंतर व्यासाच्या साधारण तीन ते सहा पट असतं. १२ बोल्टांना ते जेमतेम सहा पटींच्या वर, ९९ मिमी येतं. १६ घेतले तर ७५ मिमी, आणि झाकण सगळीकडून सारखं बसतं. बोल्ट जाड करण्यापेक्षा संख्या वाढवा. संख्या चारच्या पटीत ठेवली तर आखणीही सोपी जाते.

झाकणाच्या जाडीतही असाच घोटाळा होतो. ४१० मेगापास्कल ताकदीची साधी प्लेट, ३.५ चा सुरक्षा गुणक, म्हणजे ११७ मेगापास्कल. नुसत्या दाबाच्या सूत्राने जाडी येते सुमारे २१ मिमी. पण बोल्ट गॅस्केटच्या बाहेर असतात, ते कड खाली ओढतात आणि झाकण मधून फुगायला बघतं. तो वाक धरला की २५ मिमी लागते, वर गंजाची मुभा वेगळी. प्लेट स्वस्तात मिळाली म्हणून २५ च्या जागी २० घेतली तर झाकण जवळपास दुप्पट वाकतं, कारण कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. बोल्टांचं वर्तुळ गॅस्केटच्या जितकं जवळ, तितका हा वाक कमी. पाना फिरायला जागा ठेवून ते आत घ्या.

जिनिंग प्रेससारख्या ठिकाणी, जिथे १७० किलोच्या प्रत्येक गाठीला दाब शून्यापासून पूर्णावर जाऊन परत येतो, तिथे आणखी एक गोष्ट. फेसला फेस भिडलेला, खाचेत ओ-रिंग, अशी बनावट तिथे शीट गॅस्केटपेक्षा कितीतरी चांगली. भिडलेल्या लोखंडामुळे बाहेरच्या भाराचा साधारण ३० टक्केच भाग बोल्टपर्यंत पोचतो. समजा प्रत्येक बोल्टवर दाबाचे ११ किलोन्यूटन येतात. बोल्ट ३० वर आवळलेला असेल तर तो ३० ते ३३ च्या दरम्यानच हलतो. ५ वरच आवळलेला असेल तर फेस सुटतात आणि तोच बोल्ट दर गाठीला ५ ते ११ मध्ये ओढला जातो. सैल बोल्ट तुटतो आणि घट्ट बोल्ट टिकतो तो यामुळे. मऊ शीट गॅस्केट असेल तर भाराचा बराच मोठा वाटा थेट बोल्टवर जातो. दाब १०० किलोच्या वर जात असेल तर ओ-रिंगमागे बॅकअप रिंगही (आधाराची कडक कडी) हवी, नाहीतर ती फटीत घुसून कातरली जाते.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर दुरुस्ती थांबवा, मशीनला कुलूप लावा आणि जाणकाराला बोलवा.

फ्लँज, झाकण किंवा वेल्डमध्ये चीर. चीर स्वतः वेल्डिंगने भरायची नाही, दाबाच्या भांड्यावर साधं वेल्डिंगही नाही. एकाच झाकणाचा दुसऱ्यांदा तुटलेला बोल्ट. नवी भोकं पाडून बोल्ट वाढवण्याचा किंवा मोठे करण्याचा विचार, कारण त्याने फ्लँज कमजोर होते आणि हिशेब पहिल्यापासून करावा लागतो. नेमप्लेट नसलेली किंवा गंजाने खाल्लेली टाकी. आरपार निघालेलं आट्याचं भोक. आणि शीतगृहातला अमोनिया, वाफ किंवा जळणारा वायू असलेलं कोणतंही भांडं. बॉयलर बाष्पके संचालनालयाच्या कक्षेत येतो, त्याच्या झाकणाला मेकॅनिकनेही परस्पर हात लावायचा नाही.

कारखान्यातल्या दाबाच्या भांड्यांसाठी कायद्याने नियम आहेत आणि ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते. मोठ्या दुरुस्तीनंतर हायड्रो टेस्ट त्यांच्यासमोरच घ्या. टेस्ट पाण्याने, डिझाइन दाबाच्या साधारण १.३ पट. हवेने कधीही नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून झाकण सुटलं तर दाब क्षणात उतरतो. दाबलेली हवा मात्र झाकण दूरवर फेकते. आपल्या उदाहरणात १.३ पटीला एकूण भार २३६ किलोन्यूटन होतो, १२ बोल्टांत प्रत्येकी सुमारे २०. ३० वर आवळायचं ते यासाठी. टेस्टच्या वेळी झाकणाच्या मध्यावर आणि कडेवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावायला सांगा. मध्य किती फुगतो आणि कड किती उचलते हे आकड्यात कळलं की झाकण जाड करायचं की बोल्ट वाढवायचे, हे तपासणाऱ्याला नेमकं सांगता येतं.

त्यांना बोलावताना हे लिहून तयार ठेवा: नेमप्लेटवरचा दाब आणि चालू दाब, आतला व्यास, बोल्टांची संख्या, माप आणि डोक्यावरचा आकडा, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, झाकणाची आजची जाडी, गॅस्केटचा प्रकार आणि दोन्ही व्यास, शेवटचा टॉर्क आणि आट्यांना तेल होतं की नव्हतं, आणि गळतीची पंचने केलेली खूण. तुटलेले बोल्ट फेकू नका. तुटलेलं तोंड घासू-पुसू नका, तसेच कागदात गुंडाळून ठेवा.